चैत्रातली हजेरी

आमच्या माणदेशात वसंत ऋतू असं कुणी म्हणत नाही. शिमग्याची राख थंड झाली की उन्हाळा लागला, एवढंच. सातारा जिल्हा एकच, पण महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आमच्या माण तालुक्यात ५०० च्या आतबाहेर. ढग तिकडं सह्याद्रीला अडतात, आमच्याकडं नुसता वारा येतो. तरीपण झाडांना ऋतू कळतो. पाडव्याच्या आगंमागं लिंबाला तांबूस पालवी फुटते. त्याच्या मोहराचा वास रात्रीचा अंगणात उतरतो. चिंचेखाली पोरींचा घोळका जमतो. शाळा सकाळची होते, दुपार मोकळी मिळते, आणि रात्री सगळं घर अंगणात वाकळा टाकून झोपतं. लहान पोरी असलेल्या घरात हे दोन-तीन महिने फार गोड असतात आणि फार अवघडही असतात. माझ्या घरातल्या पोरींचे असे किती चैत्र गेले, त्यात काय बदललं आणि कशानं बदललं, ते मला लिहून ठेवायचं आहे.

हे लिहायचं मनात आलं ते एका कपाटामुळं. २०१२ साली गावच्या शाळेची जुनी खोली पाडायची ठरली. सामान बाहेर काढायला आम्ही चार-पाच बाया गेलो होतो. एका लोखंडी कपाटात जुने हजेरीपट सुतळीनं बांधून ठेवलेले निघाले. मी दहावी शिकलेली, हातात कागद आला की वाचल्याशिवाय राहवत नाही. लिंबाखाली बसून चाळायला लागले. जून-जुलैत पोरं आणि पोरी बरोबरीनं हजर. दिवाळीनंतरही बरं चाललेलं. फेब्रुवारी सरत आला की पोरींच्या नावांपुढं गैरहजेरीच्या खुणा दिसायला लागायच्या. मार्चात त्या दाट व्हायच्या. एप्रिलात पोरी परीक्षेपुरतं तोंड दाखवून जायच्या. पोरांच्या ओळी मात्र तशाच भरलेल्या. दुसरी-तिसरीच्या पटावर हा फरक थोडा, पाचवी-सहावीच्या पटावर जास्त, आणि सातवीच्या पटावर पोरींची नावंच मोजकी.

हे असं का, ते मला कुणाला विचारायची गरज नव्हती. त्याच दिवसांत शेतातलं आणि घरातलं असं काम निघतं, ज्याला लहान हात लागतात. माघ-फाल्गुनात शाळू उपटायला येतो. मोठी माणसं पहाटेच्या चांदण्यात शेतात जातात, कारण दिवस वर आला की पाती करकरीत होऊन अंगाला कापतात. मग कणसं खुडायची, खळं करायचं, पात हाकायची. तोवर चिंचा झोडून होतात, त्या फोडायच्या. चैत्रात कुरडया, शेवया, सांडगे. आई शेतात गेली की धाकटं भावंड कडेवर कुणी घ्यायचं? आणि या सगळ्याच्या वर पाणी. जवळचा आड आटला की लांबच्या विहिरीवर जायचं. यातलं एकेक काम तसं हलकं, पोरीला जमण्यासारखं. पण सगळी मिळून बरोबर परीक्षेच्या तोंडावर यायची.

माझा स्वतःचा असा चैत्र म्हणजे १९७३ चा. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची होते. लागोपाठ पाऊस चुकलेला, ७२ चा तर पारच गेला. माहेरच्या शिवारात कडब्याची काडी नव्हती. आई-आबा पाझर तलावाच्या कामावर जायचे. आबा खडी फोडायचे, आई पाट्या वाहायची. त्या साली मे महिन्यात सबंध महाराष्ट्रात ५० लाखांच्या आसपास माणसं अशा दुष्काळी कामांवर होती, हे मी पुढं वाचलं. तेव्हा आम्हाला वाटायचं, हे फक्त आमच्याच गावावर आलंय. मी धाकट्या भावाला घेऊन बाभळीखाली बसायची. लुगड्याची झोळी फांदीला बांधलेली. सुकडी मिळायची, ती आम्ही पोरं कोरडीच खायचो आणि घसा बसला की हसायचो. घरात परदेशातून आलेल्या लाल मिलोची भाकरी असायची. आई म्हणायची, "ही भाकर न्हवं, खापरी हाय." शिमग्यापासून मृगापर्यंत मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. माझ्यासारख्या आळीतल्या सगळ्याच पोरी तिथं होत्या, म्हणून शाळा बुडतेय असं कुणालाच वाटत नव्हतं.

मी पुढं शिकले ते मावशीमुळं. मावशी दहिवडीला राहायची. तिला मूल नव्हतं. "एक पोरगी माझ्याकडं ठेव, मला सोबत हुईल," असं म्हणून ती मला घेऊन गेली. तिच्या दाराशीच पाण्याचा आड होता आणि शेत नव्हतं. मी हुशार होते म्हणून दहावी झाले असं माहेरची माणसं सांगायची. माझ्याहून हुशार पोरी माझ्या गावात होत्या. त्यांच्या दाराशी आड नव्हता, एवढाच फरक. ७७ साली मी दहावी झाले आणि ८० साली लग्न होऊन याच तालुक्यात, कोरड्या गावात आले. दारापासून विहीर अर्धा किलोमीटर.

थोरली झाली ८४ च्या जूनमध्ये, पेरणीच्या दिवसांत. धाकटी झाली ८७ च्या फाल्गुनात. दुसरीपण पोरगीच म्हटल्यावर आत्याबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. बारशाच्या आदल्या दिवशी म्हणाल्या, "नकुसा ठेवा नाव. म्हंजे पुढला ल्योक हुतो." आमच्या भागात ही समजूत जुनी. प्रत्येक गावात एखाद-दुसरी नकुसा असायचीच. मी चुलीपुढं बसून रडत होते. बोलायची रीत नव्हती. मामंजी ओसरीवरनं सगळं ऐकत होते. ते कधी बायकांच्या बोलण्यात पडत नसत. त्या दिवशी मात्र म्हणाले, "पाडव्याच्या तोंडाला घरात आलीया. दारात गुढी उभारायची आन् लक्षुमीला नगं म्हणायचं, हे कुठलं शास्तर?" तेवढ्यावर तो विषय संपला. पुढं २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा दोनशेवर नकुसांची नावं सरकारी कार्यक्रम घेऊन बदलली. त्या पोरींनी आपापल्या आवडीची नावं घेतली. पेपरात तो फोटो आला तेव्हा मी आत्याबाईंना दाखवला. त्यांना तोवर नीट दिसत नव्हतं. त्यांनी फोटोवर हात फिरवला आणि विचारलं, "ह्यातली आपली कोण न्हाई न्हवं?"

पोरी लहान होत्या तेव्हाचा आमचा चैत्र सांगते. १९९५ चा धरा. थोरली पाचवीत, धाकटी दुसरीत. तांबडं फुटायच्या आधी आम्ही उठायचो. घरात खाणारी माणसं सात, शिवाय एक म्हैस आणि दोन शेरडं. बैलांना विहिरीवरच नेऊन पाजायचं. घरात रोज चौदा घागरी पाणी लागायचं. घागर बारा लिटरची धरली तर १६८ लिटर, म्हणजे माणशी २४ लिटर, आणि त्यातलंच म्हशीला आणि शेरडांना. पोरी शाळेच्या आधी पाणी आणायच्या. थोरलीच्या वाट्याला चार खेपा. अर्धा किलोमीटर जायचं, अर्धा यायचं, म्हणजे चार किलोमीटर चालून ती साडेसातच्या शाळेला जायची. धाकटीकडं पाच लिटरची कळशी. ती निम्मी वाटेत सांडायची आणि ओल्या परकरानं शाळेत जायची.

आता वाटतं, पोरींनी एवढं केलं कसं. पण त्या दिवसांत पोरी दुःखी होत्या असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. पाण्याच्या वाटेवर त्यांची सगळी दुनिया होती. चिंचोके खेळायचे, कुणाच्या शेतातल्या कैऱ्या पाडायच्या, भांडायचं, पुन्हा गळ्यात गळा. पाडव्याला साखरेच्या गाठी गुढीला बांधलेल्या, त्यांवर दोघींचा डोळा. संध्याकाळी गुढी उतरली की गाठीची माळ गळ्यात घालून मिरवायच्या आणि मिरवता मिरवता एकेक पदक चाटून संपवायच्या. लिंबाचा पाला आणि गूळ मात्र थोरलीनं धाकटीच्या तोंडात कोंबायचा आणि धाकटीनं गूळ तेवढा गिळून पाला थुंकायचा, हे दर साली. कुरडयांचा दिवस म्हणजे तर सण. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, मोठ्या पातेल्यात शिजवायचा. गरम चिकात दूध-गूळ घालून पोरी वाट्या भरून खायच्या आणि पातेल्याच्या खरवडीवरनं भांडायच्या. पण कुरडयांना पाणी लागतं. ज्या साली टँकर लागला त्या साली कुरडया नाहीत. धाकटी आजही सालं तशीच मोजते. "तवा कुरडया केल्या न्हवत्या, त्या साली," असं म्हणते.

पाण्याची साधनं बदलत गेली तशी पोरींची कामं बदलली, पण सरळ रेषेत नाही. आमच्या गावात ७२ च्या दुष्काळानंतर बोअरची गाडी आली आणि हापसा बसला. हापशाची गोष्ट आपल्याच मुलखातली आहे. आधीचे बिडाचे हातपंप परदेशात एकेका कुटुंबापुरते बनवलेले. आपल्याकडं त्यांच्यावर अख्खं गाव पडायचं आणि ते लवकर मोडून बसायचे. मग जालन्याच्या आणि सोलापूरच्या मिशनमधल्या लोकांनी खपून गावाला पुरेल असा मजबूत हापसा तयार केला. त्या सोलापुरी हापशावरनंच सत्तरच्या दशकात 'इंडिया मार्क टू' हा हापसा घडला आणि देशभर गेला. आमच्या पोरी त्या हापशाच्या दांड्याला दोघी-दोघी लोंबकळायच्या. एक वर, एक खाली, मध्येच हसून हात सुटायचा. दिवाळीपर्यंत हापसा चांगला चालायचा. फाल्गुन आला की खडखड वाजायचा, नुसता वारा ओढायचा. मग परत लांबची विहीर.

दुसरी आली प्लास्टिकची घागर. तांब्या-पितळेची घागर रिकामीच जड, ती दहा वर्षांच्या पोरीला उचलत नसे. प्लास्टिकची हलकी. सगळ्या बाया म्हणाल्या, बरं झालं, मान वाचली. मान वाचली हे खरं. पण घागर हलकी झाली तशी ती लहान पोरीच्या डोक्यावरही द्यायला लागले. माझ्या लहानपणी पोरगी बारा-तेराची झाल्यावर भरल्या घागरीची खेप करायची. माझ्या पोरींच्या वेळी आठ-नऊला करायला लागल्या. वस्तू सुधारली म्हणजे पोरीचं काम कमी झालं, असं दर वेळी होत नाही.

त्याच ९५ सालची गोष्ट. आमच्या तालुक्यात शिखर शिंगणापूरला चैत्रात शंभू महादेवाची मोठी यात्रा भरते. शुद्ध पंचमीला देवाला हळद लागते, अष्टमीला शिवपार्वतीचं लग्न, आणि द्वादशीला मुंगी घाटातनं कावडी वर चढतात. सासवडहून भुतोजी तेल्याची मानाची कावड कऱ्हेचं पाणी घेऊन येते. उभा कडा, पायाखाली सुटे दगड, माणसांची साखळी करून ती कावड वर ओढतात, आणि हलगी-ढोलांनी डोंगर दणाणून जातो. माझे मालक दर साली जायचे. त्या साली पोरींना घेऊन गेले. दोघी तोंडाचा आ करून बघत बसल्या होत्या, असं आल्यावर सांगत होते. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही पाण्याला निघालो. धाकटी दारातच थांबली. म्हणाली, "आये, देवाच्या पाण्याफुडं हलगी वाजवत्यात, मग आमच्या का न्हाई?"

मी काही बोलायच्या आत मालक आतनं उठून आले. हातात तेलाचा रिकामा डबा आणि काठी. डबा बडवत ते पोरींच्या पुढं चालायला लागले. सगळी आळी जागी झाली. कुणी हसलं, कुणी शिव्या घातल्या. आत्याबाई दारातनं ओरडल्या, "याड लागलं का रं तुला, झुंजूमुंजू व्हाया लागलंय!" ते विहिरीपर्यंत वाजवत गेले आणि येताना धाकटीची कळशी त्यांच्या खांद्यावर होती. गावात पुढं दोन महिने त्यांना "कावडीचं मानकरी" म्हणून चिडवत होते. त्यांनी काही रोज पाणी आणलं नाही. पण त्या दिवसानंतर पाणी हे घरातल्या सगळ्यांना दिसायला लागलं, एवढं मी म्हणेन.

त्याच सुमारास सरकारच्याही दोन-तीन गोष्टी आल्या. १५ ऑगस्ट १९९५ पासून शाळेतल्या पोषण आहाराची योजना सुरू झाली. तेव्हा शिजवून देत नव्हते, पहिली ते पाचवीच्या मुलाला महिन्याला ३ किलो तांदूळ मिळायचा, आणि अट होती ८० टक्के हजेरीची. थोरली तोवर सहावीत गेलेली, तिला नाही. धाकटी तिसरीत, तिला मिळायचा. ३ किलो तांदळानं घर चालत नाही. पण ज्वारीच्या मुलखात तांदूळ म्हणजे सणाची चीज. मार्चात पोरीला खळ्यावर ठेवायची म्हटलं की आत्याबाईच म्हणायच्या, "आगं, तांदूळ जाईल की!" त्याच दशकात अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या गरीब घरच्या पोरींना हजेरीचा रोज १ रुपया मिळायला लागला. लोक या रुपयाला हसायचे. मी हसले नाही. पोरीच्या हजेरीला काहीतरी मोल आहे, हे त्या रुपयानं घराला पहिल्यांदा कळलं. ९६ साली अहिल्याबाई होळकरांच्या नावानं पाचवी ते दहावीच्या मुलींना एसटीचा मोफत पास सुरू झाला. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. हायस्कूल सहा किलोमीटरवर. पासाशिवाय माझ्या पोरी आठवीला गेल्या नसत्या.

आणि एक गोष्ट सरकारी नव्हती. नव्वद सालानंतर गावात मळणी यंत्र आलं. आधी पंधरा-पंधरा दिवस खळं चालायचं. बैलांच्या मागं गोल गोल फिरायला पोरगी लागायची. यंत्रानं ते काम दोन-तीन तासांवर आणलं. यंत्रवाला भाड्यापोटी ज्वारीची पायली मागायचा तेव्हा गडीमाणसं कुरकुरायची. त्यातनं पोरीच्या शाळेचे पंधरा दिवस वाचत होते, हे कुणी हिशेबात धरत नव्हतं.

थोरलीची दहावी २००० च्या मार्चात होती. सगळं त्याच महिन्यात आलं. शाळू उपटायला झालेला, हापसा बंद, मामंजी अंथरुणाला खिळलेले. मी आणि मालक पहाटे तीनला शेतात जायचो. पाणी कोण आणणार? धाकटीच्या एकटीच्यानं होत नव्हतं. थोरली वही मिटून उठायला लागली तेव्हा आत्याबाईंनी तिच्या हातातली घागर घेतली. वय सत्तरीच्या पुढं, गुडघे धरलेले. तीन आठवडे त्यांनी रोज चार खेपा केल्या. प्रेमानं केल्या म्हणावं तर तसंही नाही. जाताना-येताना तोंड चालू असायचं. "कलेक्टरीण हुणार हाय न्हवं आमची! आणा म्हाताऱ्यांनी पाणी!" पण घागर कुणाला घेऊ दिली नाही. थोरली ६४ टक्क्यांनी पास झाली. आत्याबाईंनी गावात पेढे वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं, "माझ्या पाण्यावर पास झालीया."

त्या साली शेजारच्या घरातली एक पोरगी थोरलीच्या बरोबरीची होती. दोघी पहिलीपासून एका पाटीवर वाढलेल्या. ती सातवीच्या फाल्गुनात शाळेतनं गळाली. आईला बाळंतपण आलं होतं, महिनाभराचाच प्रश्न होता. महिन्याचं वरीस झालं. पटावरनं नाव गेलं. ९९ च्या वैशाखात तिचं लग्न लागलं. मुलीचं लग्नाचं वय १८ करणारा कायदा १९७८ सालीच झाला होता. तिचं वय तेव्हा पंधरा. लग्नाच्या पंगतीत सगळं गाव जेवलं, मीही जेवले. थोरली जेवली नाही. पोट दुखतंय म्हणाली. आज थोरली ग्रामीण रुग्णालयात नर्स आहे. तिच्या वॉर्डात अठराच्या आतली बाळंतीण आली की ती रात्री मला फोन करते आणि बराच वेळ भलतंच काहीतरी बोलत राहते.

जुने हजेरीपट चाळताना मला दिसलं ते हेच. फाल्गुनातली गैरहजेरी आणि वैशाखातली वरात यांच्यात दोन-तीन वर्षांचं अंतर असतं, कधी दोन-तीन महिन्यांचं. पोरगी शाळेतनं एका दिवसात जात नाही. आधी एक आठवडा बुडतो, मग परीक्षा जड जाते, मग तिलाच जायची लाज वाटते, मग घरातले म्हणतात, तिलाच शिकायचं नाही.

२००१ ला मालकांनी जुनी सायकल घेतली आणि दोन्ही बाजूंना कॅन लटकवले. गावातल्या बऱ्याच गड्यांनी तसं केलं. तेव्हा एक गंमत दिसली. डोक्यावरचं पाणी बायकांचं काम होतं. पाण्याला चाक लागलं तसं ते गड्याचं काम झालं आणि त्यात कुणाला कमीपणा वाटेना. धाकटीची आठवी ते दहावी त्या सायकलीवर गेली. ती बारावी झाली, आता खटाव तालुक्यात नवऱ्याबरोबर शेती करते आणि हिशेब तीच ठेवते.

पुढचं बरंच तुम्हाला ठाऊक आहे. २०१८ च्या ८ एप्रिल ते २२ मेच्या वॉटर कपात आमच्याच तालुक्यातली टाकेवाडी राज्यात पहिली आली. त्या उन्हाळ्यात आम्हीही माळावर चर खणले. बाया, गडी, शाळेतल्या पोरी सगळ्यांच्या हातात घमेली, आणि कडेला खरीखुरी हलगी. धाकटी तिच्या लेकीला घेऊन आली होती. मालकांकडं बघून नुसती हसली. उरमोडीचं आणि जिहे-कठापूरचं पाणी तालुक्याच्या काही भागात आलं. २०१९ ला जल जीवन मिशन जाहीर झालं. माणशी रोज ५५ लिटर पाणी घरात द्यायचं, असं त्यात ठरलं. आमच्या दाराशी आता नळ आहे. चैत्रात चौथ्या दिवशी येतो, पण येतो. ९५ साली २४ लिटर माणशी डोक्यावरनं आणलेलं मला आठवतं, म्हणून मी नळाला नावं ठेवत नाही.

पण हजेरीपट अजून पुरता बरा झालेला नाही. आमच्या भागातली कितीतरी घरं दिवाळीला ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या आगंमागं परत येतात. त्यांच्या पोरींचा पट उलटा असतो, बाकीच्या पोरी गैरहजर व्हायच्या दिवसांत या गावात येतात. आल्यावर आई घर लिंपायला, सरपण गोळा करायला, अंगावरची उचल फेडायच्या काळजीत. धाकटं पोर पोरीच्या कडेवर. पाण्याचं काम गेलं, खळ्याचं गेलं, कडेवरचं तेवढं राहिलं.

गेली काही वर्षं मी मार्च लागला की शाळेत जाते. बाईंना विचारते, कोण येत नाही? मग त्या घरी जाते. उपदेश करत नाही, उपदेशानं पोर कडेवरनं खाली उतरत नाही. यंदा सहावीतली एक पोरगी आठ दिवस आली नव्हती. गेले तर दीड वर्षाच्या भावाला घेऊन दारात बसलेली, नाकात शेंबूड दोघांच्याही. आई म्हणाली, "काकी, पाठवते की, पण ह्याला कुटं टाकू?" मी म्हटलं, माझ्याकडं टाक. साडेसात ते साडेअकरा. त्याला झोळी बांधते, माझी सवय आहे, १९७३ पासनंची.

पहिले दोन दिवस त्यानं रडून घर डोक्यावर घेतलं. आता रुळलंय. आत्ता मी हे लिहितेय तेव्हा ते वसरीत झोपलंय आणि उठायच्या आत मला एवढं पुरं करायचंय. बहिणीची परीक्षा १२ तारखेपासून आहे.